नदीकाठी एक रात्र: पोराबाळांसह पहिल्यांदाच तंबू ठोकणाऱ्यांसाठी

आमच्या पहिल्या नदीकाठच्या मुक्कामात आम्ही एकच चूक केली आणि बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातून निघाल्या. आम्ही उशिरा पोचलो. दिवस मावळता मावळता गाडी लावली, मुलं भुकेली, आम्ही वैतागलेले, त्यामुळे दिसली ती पहिली सपाट जागा धरली. पाण्यापासून दहा पावलांवर मऊ वाळू. फोटोत फार सुरेख आली. रात्री दोनच्या सुमारास मी बाहेर आले तेव्हा दहा पावलांची चार झाली होती, आणि आमच्याकडे तर पावसाचा थेंबही पडला नव्हता. धाकटीला झोपेतच उचलून गाडीत टाकलं. थोरला टॉर्च धरून रडत उभा. आम्ही दोघं वाळू चाचपत खुंट्या शोधतोय. त्यातल्या तीन खुंट्या अजून नदीकडेच आहेत.

तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: दुपारी तीनच्या आत पोचता येत नसेल तर त्या दिवशी निघायचंच नाही. रात्री नदीकाठी जे बिघडतं त्यातलं बहुतेक, उजेडात चार गोष्टी नीट बघितल्या असत्या तर टळलं असतं. म्हणून पुढचं सगळं घड्याळाच्या क्रमाने लिहिलंय.

आठवडाभर आधी

पहिल्या खेपेला एकच रात्र. दोन रात्रींचा बेत मुलांना ऐकायला आवडतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरडे कपडे संपलेले असतात आणि मोठ्यांची कंबर बोलायला लागलेली असते. जागा घरापासून दोन-तीन तासांच्या आत हवी, गाडी तंबूच्या जवळपर्यंत जायला हवी, आणि ती मुक्कामासाठी राखलेली, परवानगीची असावी. तिथे संडास आणि पिण्याचं पाणी असेल तर पहिल्यांदा त्यात अजिबात कमीपणा मानू नका. मुक्काम, शेकोटी किंवा पोहणं यावर बंदीची पाटी असेल तर वाद न घालता दुसरी जागा शोधा.

हवामानाचा अंदाज बघताना नवखे लोक हमखास एक गफलत करतात. ते मुक्कामाच्या ठिकाणचा अंदाज बघतात. पण तुमच्या समोरून वाहणारं पाणी तुमच्या डोक्यावर पडलेलं नसतं, ते वर कुठेतरी, डोंगरात पडलेलं असतं. म्हणून नकाशा उघडा आणि नदीवर बोट ठेवून उगमाकडे चालत जा. वाटेत डोंगर कुठे आहेत, कोणकोणते ओढे येऊन मिळतात, धरण आहे का, हे बघा. अंदाज त्या वरच्या भागाचा बघायचा, आदल्या रात्री एकदा आणि निघताना पुन्हा एकदा. तिकडे जोराच्या पावसाचा इशारा असेल तर बेत पुढच्या शनिवारवर ढकला. मुलं तासभर रुसतील.

धरण असेल तर प्रकरण आणखी वेगळं, कारण पाणी सोडलं की आभाळ कोरडं असूनही नदी चढते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात खडकांवर उभे असलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी, वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. धरणाखालच्या नदीवर जायचंच असेल तर पाणी कधी सोडतात आणि भोंगा कसा वाजतो हे तिथल्या माणसांना विचारा. उत्तर 'काही सांगता येत नाही' असं आलं, तर मुक्काम काठावर उंच करा आणि पात्रात उतरू नका.

तंबू एकदा घरीच उभारून बघा. अंगणात, गच्चीवर, ते नसेल तर खाटा सरकवून बाहेरच्या खोलीत. कोणती काठी कोणत्या बाहीत जाते हे भर उन्हात, वाऱ्यात, मुलं 'झालं का, झालं का' करत असताना शिकण्याची गोष्ट नाही. नवीन तंबूतही एखादी काठी तडकलेली निघते. आणि पिशवीवर 'चार माणसांसाठी' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ चार माणसं खांद्याला खांदा लावून, कूस न बदलता. चौघांच्या कुटुंबाला सहा जणांचा तंबू घ्या.

निघण्याआधी घरच्या किंवा शेजारच्या कुणाला तरी नेमकी जागा आणि परतीची वेळ सांगून ठेवा, आणि किती वाजेपर्यंत तुमचा फोन आला नाही तर त्याने हालचाल करायची तेही. बऱ्याच नदीखोऱ्यांत मोबाइलची रेंज नसते. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत चालतो, पण शेवटची रेंज रस्त्यात कुठे होती हे जाताना लक्षात ठेवलं तरच त्याचा उपयोग. सर्वात जवळचं रुग्णालय कुठल्या रस्त्याने आहे हे फोनमध्ये नव्हे, कागदावर लिहून घ्या.

सामान: थोडं, पण हेच

थंडी वरून येते असं वाटतं. तंबूत ती खालून येते. स्लीपिंग बॅगची अंगाखालची भर दबून चपटी होते आणि ऊब धरत नाही, म्हणून खाली जाड पथारी किंवा फोमची गादी हवीच. पैसे मोजकेच असतील तर ते भारी स्लीपिंग बॅगवर घालवण्याआधी या गादीवर घालवा. बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात, एक आरामात झोप लागेल असा आणि एक कशीबशी रात्र निघेल असा. खरेदी करताना पहिला आकडा धरा. तंबू घेताना त्याच्या वरच्या कापडाची जलरोधकता (म्हणजे किती उंच पाण्याचा दाब ते न गळता सोसतं) किमान १५०० मिलिमीटर असावी, तळाची त्याहून बरीच जास्त.

कपड्यांत एक युक्ती आमच्याकडे कायमची रुळली आहे. प्रत्येकाचा झोपायचा जोड, मोज्यांसकट, घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि ती पिशवी अंधार पडेपर्यंत कुणीही, काहीही झालं तरी उघडायची नाही. मुलं दिवसभरात किती जोड भिजवतील याला सुमार नाही, पण रात्री कोरडं अंग म्हणजे निम्मी लढाई जिंकली. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही आणि अंगाला गार लागत राहतो. लोकरीचं किंवा सिंथेटिक बरं.

पाण्यात घालायला टाचेमागे पट्टा असलेले, बोटं झाकणारे सँडल किंवा जुने बूट. साध्या चपला नकोत, का ते पुढे सांगते. प्रत्येकाला, अगदी पाच वर्षांच्यालाही, स्वतःचा हेडलॅम्प आणि गळ्यात शिट्टी. तीन वेळा शिट्टी म्हणजे 'मला मदत हवी', हे गाडीतच पाठ करून घ्या. शिवाय प्रथमोपचाराची पेटी, रोजची औषधं, डासांचं मलम, पंधरा-वीस मीटर दोर, चाकू, बादली, कचऱ्याच्या पिशव्या.

मुलांसाठी लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे निवडा. घालून सगळे बंद लावा आणि दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून निसटेल. अगदी लहानांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. हवा भरायच्या रिंगा आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. वाहत्या पाण्यात ती नसलेलीच बरी, कारण ती मुलाला आरामात प्रवाहाच्या मधोमध घेऊन जातात.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोजचं चार लिटर पाणी धरा. चौघांना दोन दिवसांना ३० लिटरच्या वर जातं. एवढं वाहून न्यायचं नसेल तर नदीचं पाणी शुद्ध करायची तयारी ठेवा, त्याबद्दल पुढे आहेच.

पोचल्यावर पहिला अर्धा तास: गाडीतून काहीही काढायचं नाही

हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. सामान एकदा खाली उतरलं की ती जागा आपल्याला चांगली वाटायला लागते. म्हणून डिकी बंद ठेवा, मुलांच्या हातात खाऊ द्या आणि सगळ्यांनी मिळून काठाने चालायला लागा.

मुलांना काम द्या: पूररेषा शोधायची. गेल्या पुराने झुडपांत, कुंपणात, झाडांच्या बेचक्यांत वाळलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या चिंध्या अडकवून ठेवलेल्या असतात. सगळ्या साधारण एकाच उंचीवर, आणि काटक्यांची टोकं प्रवाहाच्या दिशेला वळलेली. एकदा डोळ्याला सवय झाली की दिसतच राहतात. आमच्या थोरल्याला एकदा अशी चिंधी माझ्या डोक्याच्याही वर, फांदीत सापडली. खाली इतकं छान गवत होतं की आधी आम्ही तिथेच गादी टाकणार होतो. तंबू त्या रेषेच्या वरच हवा. रेषा सापडतच नसेल तर समजा की तुम्ही पात्रातच उभे आहात.

मग नदीचं वळण बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आदळतं, काठ कापतं, तिथे खोल डोह असतो आणि वरची दरड आतून पोखरलेली असते. तिच्या कडेला तंबू तर नकोच, मुलांनी उभंही राहायला नको. आतल्या बाजूला पाणी मंदावतं आणि वाळू-गोटे टाकतं, त्यामुळे तिथे उथळ पाणी आणि पसरट किनारा मिळतो. दिवसा बसा-खेळायला ही आतली बाजू उत्तम. झोपायला मात्र तिच्या मागे जिथे जमीन पायरीसारखी उंच होते, तिथे वर.

बेटावर कधीच नाही. बाहेर पडायची वाट जिथे पाण्यातून जाते अशा जागीही नाही. आणि कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी नाही, ही जागा सगळ्यात फसवी. डोंगरातून उतरणारा ओढा मुख्य नदीला मिळताना गाळ-दगडांचा पंख्यासारखा पसरट उतार तयार करतो. तो सपाट असतो, उंचावर असतो, नदीपासून लांब असतो, म्हणून अगदी सुरक्षित वाटतो. स्पेनमध्ये पिरेनीज डोंगरांत बिएस्कास गावाजवळ अशाच पंख्यावर तंबूंचं रीतसर मैदान होतं. ७ ऑगस्ट १९९६ रोजी वर ढगफुटीसारखा पाऊस झाला, ओढा आपल्या जुन्या वाटेने खाली आला आणि ८७ माणसं गेली.

पाण्यापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची ७०-८० पावलं, अंतर ठेवा. पाणी स्वच्छ राहतं, जनावरांना प्यायला यायला वाट मोकळी राहते, डास आणि दमट गारवा कमी होतो. मला मात्र चौथं कारण सगळ्यात पटतं: झोपेत बाहेर पडलेल्या लेकराला नदीपर्यंत पोचायला वेळ लागतो. अर्थात अंतर असून उंची नसेल तर उपयोग नाही. सपाट मैदानात पाणी ६० मीटर सहज पार करतं.

वर बघायला विसरू नका. वाळलेली, लोंबती फांदी तंबूच्या डोक्यावर नको. उघड्यावरचं एकटं उंच झाडही नको, वीज अशाच झाडावर पडते. गार हवा जड असल्यामुळे रात्री खोलगट जागेत येऊन साचते, त्यामुळे चार-पाच मीटर वरची जागाही झोपायला बरीच उबदार असते.

जागा ठरली की दोन कामं. पहिलं, पळवाट. इथून चढावर जायचं तर कुठून, आणि सगळ्यांनी कुठे जमायचं? एखादा मोठा खडक किंवा ओळखू येणारं झाड ठरवा आणि मुलांना घेऊन एकदा प्रत्यक्ष चालून या. वाट पायी चढण्याची हवी. नदीला समांतर जाणारा गाडीरस्ता ही पळवाट नव्हे.

दुसरं, खूणकाठी. एक सरळ काठी घ्या, तिच्यावर चाकूने बोटाबोटाच्या अंतरावर खाचा पाडा आणि पाण्याच्या अगदी कडेला, मधल्या खाचेपर्यंत पाणी येईल अशी, घट्ट रोवा. दर तासाला एकाने जाऊन वाचायची. आमच्याकडे हे काम धाकटीचं आहे, मात्र मोठ्या माणसाचं बोट धरून. काठावर उभं राहून पाणी चढलंय का हे नुसत्या डोळ्यांना खरंच कळत नाही, काठीला कळतं. पाऊस नसताना पाणी दोन खाचा वर आलं, स्वच्छ धार गढूळ झाली, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा नदीचा आवाज बदलून घरघर यायला लागली, तर त्याच क्षणी मुलांना घेऊन वर चढा. सामानाचं नंतर बघू.

तंबू

आता डिकी उघडा. जागेवरचे खडे वेचा, मग एकदा आडवं पडून बघा. पाठीला लागणारा खडा रात्री दुप्पट मोठा होतो. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका, पावसात तिच्यावर पडलेलं पाणी थेट तुमच्या पाठीखाली येतं.

खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली, साधारण ४५ अंशांत ठोकायची. वाळूत साधी खुंटी राहत नाही. तिथे पिशवीत वाळू भरून किंवा जाडसर काठीला मधोमध दोर बांधून ती आडवी, हातभर खोल पुरा आणि वरून वाळू दाबा. गोट्यांच्या जमिनीत दोर मोठ्या दगडाला बांधा. बाजूच्या ताणदोरांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, नाहीतर रात्री घरातला प्रत्येक जण एकदा तरी तोंडावर पडतो.

दार वाऱ्याच्या उलट बाजूला. आणि नदीकडे नको. सकाळी डोळे उघडताच पाणी दिसावं ही हौस मी समजू शकते, पण दारातून सुटलेलं पोर सरळ रेषेत पळतं.

तंबूच्या झडपा थंडीतही थोड्या उघड्या ठेवा. चार माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभर कापडाला चिकटते आणि सकाळी आतून थेंब गळायला लागले की लोक तंबू गळका म्हणून दुकानदाराशी भांडतात. तंबूच्या आत स्टोव्ह, निखाऱ्यांची शेगडी, यातलं काहीही नको, पाऊस असो की कडाका. जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही.

पाण्याचे नियम, मुलं भिजण्याआधी

भिजलेलं मूल काही ऐकत नाही, त्यामुळे नियम कोरडेपणीच सांगायचे.

आधी मोठं माणूस काठीने तळ चाचपत उतरतं. खड्डा कुठे, शेवाळ कुठे, ओढ कुठे हे बघतं आणि मुलांची हद्द ठरवतं: या खडकापासून त्या खडकापर्यंत, गुडघ्यापर्यंत. गुडघा मुलाचा, तुमचा नव्हे. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. जोराचा प्रवाह असेल तर वीतभरही नसलेलं, १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं. माझा घरगुती निकष असा: पाण्यात काटकी टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. रमतगमत चालूनही काटकी मागे पडली तर ठीक. तिला गाठायला पाय उचलावे लागले तर तिथे मुलं उतरणार नाहीत.

आमच्याकडे एक पिवळी टोपी आहे. ती ज्याच्या डोक्यावर, तो पहारेकरी. त्याने फोन बघायचा नाही, कांदा चिरायचा नाही, गप्पांत मान वळवायची नाही, फक्त मुलांकडे बघायचं. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि 'आता तू' असं तोंडाने म्हणून. पाच मोठी माणसं काठावर बसलेली असली की प्रत्येकाला वाटतं बाकीचे चौघे बघतायत. बुडणारं माणूस हात हलवत ओरडतं हा समज खोटा आहे. त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला असतं, श्वास घ्यायलाच सवड नसते तर ओरडणार कुठून? ते गप्प होतं, आणि मिनिटाच्या आत पाण्याखाली जातं. पोहता न येणारी लहान मुलं हाताच्या अंतरावरच हवीत.

आता चपलेची गोष्ट. थोरला सहा वर्षांचा असताना त्याची एक लाल चप्पल पाण्यात सुटली. तरंगत, डुलत, अगदी हाताशी असल्यासारखी निघाली. तो एक पाऊल पुढे गेला, चप्पल दोन पावलं. तो पुन्हा एक. तिसऱ्या पावलाला पाणी त्याच्या छातीला लागलं, आणि टोपी त्या वेळी माझ्या दिराच्या डोक्यावर होती म्हणून दंड धरून तो वेळेत बाहेर आला. चप्पल वळणाआड जाईपर्यंत आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे होतो. तेव्हापासूनचा नियम: सुटलेली वस्तू नदीची झाली. चेंडू, चप्पल, मोबाइलसुद्धा. मोठ्यांनाही तोच नियम, कारण मुलं आपल्याकडे बघून शिकतात.

तरी कुणी वाहून जायला लागलं तर? पाठीवर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे आणि पाण्याच्या वर, आणि हातांनी वल्हवत काठाकडे सरकायचं. मधेच उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल दोन दगडांत अडकलं की मागचं पाणी माणसाला खाली दाबतं. पाणी अगदी उथळ झाल्यावरच उठायचं. पाण्यात पडलेल्या झाडांपासून लांब राहायचं, फांद्यांमधून पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. वाचवणाऱ्याने मागे उडी घ्यायची नाही, काठावरून काठी, दोर किंवा दोर बांधलेला रिकामा, झाकण लावलेला कॅन फेकायचा. तो कॅन आधीच तयार करून ठेवा. मुलांना तो नेमका फेकायची शर्यत लावली तर तासभर करमणूक होते.

डोहात सूर मारणं बंद. दिवेलागणीनंतर पाण्याकडे कुणी फिरकायचं नाही, भांडी घासायलाही नाही. मुलं पाण्यात असेपर्यंत मोठ्यांनी दारूला हात लावायचा नाही. आणि पाणी अंगाची ऊब हवेच्या साधारण २५ पट वेगाने काढून घेतं, म्हणून उन्हातही ओठ निळसर दिसले किंवा हुडहुडी भरली की बाहेर काढा, कोरडं करा, गोड गरम काहीतरी प्यायला द्या. 'अजून पाचच मिनिटं' ऐकू नका.

जेवण आणि शेकोटी

स्वयंपाकाची हौस पुढच्या खेपेला. चिरणं, भिजवणं घरून करून न्या. एका भांड्यात होईल आणि मुलं न कुरकुरता खातील असं काहीतरी करा. बर्फाऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून बर्फपेटीत ठेवा, वितळल्या की प्यायला होतात. नासणारे पदार्थ ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, आणि ३२ अंशांच्या वरच्या उन्हात तासभरच. उरलेलं 'सकाळी गरम करू' म्हणून ठेवण्यात बहुतेकांचा परतीचा प्रवास नासतो.

नदीचं पाणी वापरायचं तर आधी निवळू द्या, फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळा. २००० मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे तीन मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या आहेत, पण काही परजीवी त्यांना दाद देत नाहीत. आणि शेतातली फवारणी किंवा कारखान्यांचं पाणी जिथे नदीत येतं, तिथे उकळूनही काही उपयोग नाही, रसायनं जात नाहीत.

शेकोटीला परवानगी असेल तर आधीच्या शेकोटीच्याच जागेवर करा. भोवती लावायला नदीतले गोटे घेऊ नका. दिसतात कोरडे, पण त्यांच्या भेगांत पाणी असतं, तापल्यावर त्याची वाफ होते आणि दगड फुटून कपच्या उडतात. काडी ओढण्याआधी शेजारी भरलेली बादली हवी. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता आणि हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन बघा. ऊब लागली तर विझलेली नाही. वाळू लोटून शेकोटी 'विझवणारे' लोक खाली निखारे जिवंत ठेवून जातात आणि सकाळी कुणाचं तरी अनवाणी पोर त्यावर पाय देतं.

भांडी नदीत घासू नका, साबण कितीही नैसर्गिक असो. पाणी बादलीने ६० मीटर लांब न्या, तिथे घासा, ते पाणी मातीवर पसरून टाका.

संडासची सोय नसेल तर तेवढ्याच अंतरावर १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा, नंतर माती, आणि कागद पिशवीत घालून परत.

अंधार पडण्याआधी, आणि नंतर

उजेड असतानाच जेवण उरका. खोऱ्यात सूर्य डोंगराआड लवकर जातो, पंचांगातली वेळ तिथे कामाची नाही. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला करून ठेवा, किल्ली सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. खाण्याचं सगळं गाडीत, तंबूत बिस्किटाचा पुडाही नको, मुंग्या आणि उंदीर वाटच बघत असतात. बूट तंबूच्या आत, आणि सकाळी घालताना आधी झटकून. मग सगळ्यांची एकदा लघवीची फेरी आणि शेवटची काठीची फेरी.

मोठी माणसं दारालगत, मुलं मध्ये. मुलांना एकच सांगा: रात्री कितीही घाई झाली तरी एकट्याने चेन उघडायची नाही, आम्हाला हलवायचं. नदी रात्री मोठ्याने बोलते. दिवसा तिचा आवाज आपल्या गडबडीत बुडालेला असतो, अंधारात तो एकदम तंबूच्या भिंतीशी आल्यासारखा वाटतो आणि पहिल्या रात्री मोठ्यांनाही झोप लागत नाही. मी रात्री एकचा गजर लावते, हेडलॅम्प लावून उठते आणि लांबूनच काठीवर उजेड टाकून बघते. नवऱ्याच्या मते हा माझा वेडेपणा आहे. दोनचा गजर त्याचा असतो.

वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर सगळ्यांनी गाडीत बसायचं, काचा वर करून. तंबू विजेपासून काहीही आडोसा देत नाही, त्याच्या धातूच्या काठ्या तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. गाडीत पत्ते ठेवा.

सकाळ

सकाळी घाई करू नका. ऊन तंबूवर येईपर्यंत तो दवाने ओला असतो आणि ओला गुंडाळला की दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो. वाळेपर्यंत पुन्हा पाण्याकडे जाता येतं, टोपी घालून. आवरताना सगळ्यांनी एका ओळीत, हातभर अंतराने, मान खाली घालून जागेवरून एक फेरी मारा. बाटलीचं झाकण, दोराचा तुकडा, केसांची पिन, सगळं सापडतं. खूणकाठी उपटून टाका. घरी आल्यावर, कितीही कंटाळा आला तरी, तंबू पुन्हा उघडून दोरीवर टाका.

आणि पिशवी बांधण्याआधी खुंट्या मोजा. आमच्या पिशवीच्या आतल्या बाजूला मार्करने १७ लिहिलेलं आहे. त्याच्या वर, खोडलेलं, २०.